अ‍ॅडव्हेंचर कितीही भारी लिहा भो, आधी खेळाडूच्या नावाने लॉगिन करून बघा!

काय भो, कसं काय मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या आहेत, "दादा, ऑनलाइन टीटीआरपीजी चालवायचंय, अ‍ॅडव्हेंचरची तयारी कशी करू?" तर चला. नव्यांसाठी आधी सांगतो: टीटीआरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं बनून, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ. गोष्ट चालवणारा तो जीएम, आणि त्याने तयार केलेली गोष्ट म्हणजे अ‍ॅडव्हेंचर.

बेसिक पटापट उरकतो. हा खेळ ऑनलाइन मांडायची साइट रोल ट्वेंटी, ती ब्राउझरमध्ये फुकट सुरू होते. तशाच कामाचं फाउंड्री एकट्या जीएमने एकदाच विकत घ्यायचं, खेळाडूंना खर्च नाही. नुसता नकाशा आणि टोकन (नकाशावरच्या पात्रांच्या सोंगट्या) हवेत तर आउलबेअर रोडिओ. आवाजासाठी डिस्कॉर्ड. डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत, श्रेय देऊन बिनधास्त वापरा. ग्रिड, म्हणजे नकाशावरचे चौकोन, म्हणाल तर रोल ट्वेंटीवर एका चौकोनाला ७० पिक्सेल. म्हणजे ३० बाय २२ चौकोनांचा नकाशा २१०० बाय १५४० चा करा, बसतो बरोबर. फाइल वेबपीमध्ये सेव्ह करा, वजन उतरतं. शेतातून मोबाइल डेटावर खेळणारा एखादा तरी असतोच. झालं बेसिक.

आता माझी खरी डोकेदुखी: ऑनलाइनमध्ये गोष्टीतली गुपितं आधीच फुटतात. उदाहरण घरचंच घेतो, असीरगड. आज मध्य प्रदेशात असला तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशाचा तो कणा होता. अकबराचा वेढा पडला, बोलणी करायला खाली उतरलेल्या बहादूरशहा फारुकीला तिथेच अडकवलं, तरी गड काही दिवस लढतच राहिला आणि जानेवारी १६०१ मध्ये पडला. तोफांपेक्षा लाचेनेच जास्त काम केलं असं सांगतात. अ‍ॅडव्हेंचरला अजून काय पाहिजे! खेळाडू गडाच्या आत, आणि प्रश्न एकच, आपल्यातला फितूर कोण?

आमच्या ग्रुपमधल्या एका भाऊने हेच चालवलं. मस्त लिहिलेलं, पुरावे जागच्या जागी पेरलेले. सेशन सुरू झालं, नकाशा उघडला, आणि दारूखान्यापाशी (तोफेच्या दारूच्या कोठारापाशी) उभ्या टोकनखाली ठळक अक्षरात नाव, "फितूर जमादार". पाच मिनिटांत गोष्ट खल्लास! पोरं हसून हसून बेजार, आणि भाऊ म्यूटवर.

टेबलावर बसून खेळताना तुमचा कागद पडद्याआड असतो. ऑनलाइनमध्ये पडदा तुम्हालाच लावावा लागतो, प्रत्येक गोष्टीला वेगळा. टोकनचं नाव "जमादार" ठेवा, बाकी सगळं जीएम लेयरवर (फक्त जीएमला दिसणाऱ्या थरावर) किंवा तुमच्या नोंदीत.

नकाशाचंही तेच. विकतच्या अ‍ॅडव्हेंचरमधला जीएमचा नकाशा तसाच अपलोड करता, त्यावर खोल्यांचे नंबर आणि चोरदरवाजावर सिक्रेटचा इंग्रजी एस छापलेला! मग खेळाडू म्हणतो, "मी सहज त्या भिंतीला हात लावून बघतो." सहज? अरे, तुला एस दिसतोय!

बरं, नंबर पुसले, न पाहिलेला भाग झाकणारा फॉग टाकला, तरी सुटला नाहीत. पूर्वेला तटबंदी संपली आणि पुढे दहा चौकोन काळी जागा उरली, की खेळाडूला कळतं तिकडे तळघर आहे. तळघराचं पान वेगळं करा. आणि फाइलचं नाव! डिस्कॉर्डवर टाकलेलं चित्र ब्राउझरमध्ये उघडलं की लिंकमध्ये नाव दिसतं. "जमादार_बनावट_पत्र" असं नाव देऊन कसं चालेल?

इलाज एकच, खेळाडू बनून आत या. रोल ट्वेंटीच्या सेटिंगमध्ये खेळाडू म्हणून परत जोडायचा पर्याय आहे. फाउंड्रीत दुसरा युजर बनवा आणि इनकॉग्निटो विंडोत उघडा. टोकन दारापर्यंत चालवा, दार उघडा, प्रत्येक नावावर माउस न्या. सेशनच्या आदल्या रात्री करा, पोरं लॉगिन झाल्यावर नाही.

एक कमेंट होती, "एवढा खटाटोप कशाला, एआय पाच मिनिटांत लिहून देतं." देतं ना! प्रत्येक खोलीला चार परिच्छेद वर्णन देतं. ते वाचायला लागलात की समोरचे दुसऱ्या टॅबमध्ये क्रिकेटचा स्कोअर बघतात. कॉलवर चेहरे दिसत नाहीत, कंटाळा कळत नाही. खोलीला तीन ओळी पुरे: काय दिसतं, कसला वास येतो, हात कशाला लावता येतो. दारूखाना? ओलसर गोणपाट, गंधकाचा वास, कुलूप नसलेली पेटी. संपलं. पुढचं ते विचारतील.

लाइट जाते त्याची सोय विचारली होती कुणीतरी. नकाशे आणि चिठ्ठ्या फोनमध्येही ठेवा. लाइट गेली की डिस्कॉर्डवर चित्रं टाकत खेळ चालू ठेवता येतो, आमच्याकडे उन्हाळ्यात असंच चालतं.

आणि धुळ्याहून ज्या ताईंनी विचारलं, "एनपीसी (जीएम चालवतो ती पात्रं) अहिराणीत बोलले तर चालेल का?" चालेल काय ताई, पळेल! दरवाज्यावरचा पहारेकरी "कोन शे रे तठे?" म्हणाला की वेगळं वर्णन लागतच नाही. फक्त त्याच्या टोकनचं नाव तेवढं तपासा.