पेन्सिल जाते तिथून उंदीर जातो

(हर्णै इथे मे महिन्याच्या शेवटी मच्छीमार मंडळींपुढे केलेलं भाषण, थोडं नीट करून.)

मंडळी, मागच्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहापासून माझा फोन वाजायला लागला. सात नौका. सहा तांडेलांची, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्यांची, तक्रार एकच: सेल्फ मारला की टिक् होतं, पुढे काही नाही. बॅटऱ्या चार्ज करून आणलेल्या, डिझेल भरलेलं, दर्याला नारळ देऊन झालेला. मी एकेकाचं झाकण उघडत गेलो. चार ठिकाणी सेल्फची वायर कुरतडलेली, दोन ठिकाणी पॅनेलच्या मागचा वायरींचा अख्खा जुडगा गेलेला. सातव्याचं इंजिन लागत होतं, पण दम टाकत होतं आणि काळा धूर ओकत होतं. त्याचा एअर फिल्टर उघडला तर आत जाळ्याच्या धाग्यांचं आणि पोत्याच्या सुतळीचं गोल घरटं, आणि त्यात गुलाबी, डोळे न उघडलेली उंदराची सहा पिल्लं.

त्या आठवड्यात माझा धंदा झाला, खोटं कशाला बोलू. पण होडीवाल्याचे हंगामाचे पहिले चार दिवस बुडाले, आणि पहिल्या चार दिवसांचा भाव पुन्हा मिळत नाही हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. म्हणून आज बोलायला उभा राहिलो. तीस वर्षं मी नौकांची आणि गाड्यांची वायरिंग करतो. माझं शास्त्र तेवढंच.

तुम्ही मला ऑगस्टमध्ये विचारता, ‘औषध कुठलं टाकू?’ तोवर उशीर झालेला असतो. तो प्रश्न मेमध्ये विचारायचा, आणि तेव्हाही औषधाचा नाही, वाटेचा विचारायचा. जरा हिशोब करा. पावसाळ्यातली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. लहान उंदराची मादी साधारण वीस दिवसांत विते. व्याल्यानंतर एका दिवसात पुन्हा गाभण राहू शकते. एका वेळी पाच-सहा पिल्लं धरा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक गाभण मादी तुमच्या होडीत शिरली, तर जुलै संपेपर्यंत तिची तीन वेतं होतात, आणि पहिल्या वेतातल्या पोरी सहा आठवड्यांच्या होऊन स्वतः तयारीला लागलेल्या असतात. शाकारलेली होडी म्हणजे त्यांना वरून छप्पर, खाली ऊब, दोन महिने माणसाचा पाय नाही. आपण गणपतीत त्याच्या पुढ्यात मोदक ठेवतो, आणि जून-जुलैमध्ये त्याला अख्खा बंगला भाड्याने देतो, तोही बिनभाड्याने.

आधी कोण आहे ते ओळखा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी आणि दोन्ही टोकांना निमुळती असेल तर लहान उंदीर. मनुकेएवढी असेल तर माळ्यावरचा मोठा, लांब शेपटीचा उंदीर. हाच तुमच्या माडावर चढून शहाळी पोखरतो, आणि दोरावरून चालणं हा त्याचा हातचा मळ. जमिनीत बीळ आणि बाहेर मातीचा ढीग दिसला तर घूस. ती होडीपेक्षा गोदामाच्या पायाला जास्त धोकादायक. आणि चिचुंद्री ही उंदीरच नव्हे. ती झुरळं-किडे खाते, वायरीच्या वाटेला जात नाही. तिचा वास सोडला तर तिच्यावर राग धरायचं कारण नाही.

वायर का कुरतडतो? पुष्कळ जण सांगतात की हल्ली वायरीच्या आवरणात सोयाबीन घालतात, म्हणून त्याला ती गोड लागते. परदेशात यावरून गाडी कंपन्यांवर दावेसुद्धा झाले. मला हे पटत नाही, कारण माझ्या वडिलांच्या काळच्या जाड काळ्या वायरीही त्याने सोडल्या नव्हत्या. खरं कारण त्याच्या तोंडात आहे. पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात. ते घासले नाहीत तर जबडा मिटायचा नाही. मेलेल्या उंदराचा ओठ वर करून बघा एकदा: दात पुढून नारिंगी दिसतात. तो पुढचा थर कठीण, मागचा मऊ. मागचा लवकर झिजतो, म्हणून पटाशीसारखी धार आपोआप राहते. लाकूड, रबर, शिशाची नळी, पीव्हीसी, त्याला सगळं सारखंच. वायर नेमकी त्याच्या वाटेत आणि तोंडाच्या उंचीवर असते, एवढंच.

आता वाट. ही माझ्या हातातली पेन्सिल शाळेतल्या पोराकडून आणली आहे. ही ज्या भोकातून आत जाते त्यातून लहान उंदीर जातो. सहा मिलिमीटर पुरतात त्याला. मोठ्याला बारा मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीएवढं. डोकं गेलं की बाकीचं अंग तो ओढून घेतो. म्हणून पेन्सिल घेऊन होडीभर फिरायचं. एक्झॉस्टचं तोंड, पंपाच्या पाण्याची वाट, केबिनच्या फळीतून वायर आत घेतलेलं भोक, खणाच्या झाकणाची कड, टाकीच्या हवेची नळी. वायरीचं भोक सगळ्यात जास्त विसरलं जातं. हे मी स्वतःकडे बोट दाखवून सांगतोय, कारण ते भोक आम्ही वायरमन लोकच पाडतो, वायरीच्या दुप्पट पाडतो, आणि तसंच टाकून घरी जातो.

डोळ्यांनी सापडत नसेल तर उजेडाने शोधा. भर दुपारी बारा वाजता केबिनमध्ये शिरा, झाकणं लावून घ्या, पाच मिनिटं अंधारात गप्प बसा. डोळे सरावले की जिथे जिथे फट आहे तिथे ऊन सुईसारखं आत येतं. खडूने तिथल्या तिथे गोल करायचा. गॅरेजचं शटर खाली ओढून हेच करता येतं. आणि आत कोणी आधीच मुक्कामाला आहे का हे बघायचं असेल तर रात्री फळीवर रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी पावलं उमटलेली दिसतात, पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मध्ये शेपटीची रेघ. कुठून आला आणि कुठे गेला हे त्याच्याच सहीने लिहून मिळतं. बायको रांगोळीचा डबा शोधत बसेल, पण तेवढं सांभाळून घ्या.

भोक बुजवायला चिंधी चालत नाही, थर्माकोल चालत नाही, आणि तो फुगणारा पिवळा फोम तर मुळीच नाही. फोममध्ये तो भोक पाडतो आणि उरलेला घरट्याला नेतो. भांडी घासायचा स्टीलचा काथ्या गच्च कोंबा आणि वरून पुटी नाहीतर सिमेंट. काथ्या स्टीलचाच घ्या, लोखंडी नको. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी काथ्याचा पावसाळाभरात तांबडा चुरा होतो. जिथून हवा खेळायला हवी तिथे सहा मिलिमीटरपेक्षा बारीक डोळ्याची जाळी ठोका, प्लॅस्टिकची नाही. गोदामाच्या जमिनीतल्या घुशीच्या बिळात आपले म्हातारे फुटक्या काचा आणि सिमेंट घालायचे. ते अजूनही बरोबर आहे.

काठावर ओढलेल्या होडीला टेकवलेली फळी म्हणजे जिना. काम झालं की रोज संध्याकाळी काढून ठेवा. ज्यांच्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत बांधून असतात त्यांची फळी म्हणजे दोर. मुंबई बंदरात मोठ्या बोटींच्या दोरांवर थाळीसारख्या गोल चकत्या अडकवलेल्या असतात, बघितल्या असतील. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि पुढे दोन वर्षांनी कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की उंदरावरची पिसू हा प्लेग माणसात आणते. तेव्हापासून बंदरांनी बोटीवरचा उंदीर फारच मनावर घेतला. आजही परदेशी जाणाऱ्या बोटीला उंदीर-किड्यांबाबत स्वच्छतेचा दाखला लागतो. आपल्याला एवढा थाट नको. माडाच्या बुंध्याला उंदीर चढू नये म्हणून आपण पत्र्याचा पट्टा मारतो ना? पत्रा गुळगुळीत असतो, नख्या रोवायला जागा मिळत नाही. तोच पत्रा गोल कापा, मध्ये दोराएवढं भोक, एका बाजूने काप द्या, दोरावर बसवा आणि तारेने आवळा. व्यास दीड-दोन हात तरी हवा. लहान चकतीला तो वळसा घालतो. आणि चकती होडी आणि काठाच्या मध्ये हवी, दोन्हीकडून उडी पोचणार नाही एवढी लांब.

बर्फाच्या खणाबद्दल थोडं थांबतो, कारण तिथलं नुकसान दिसत नाही. खणाच्या भिंतीतला फोम त्याला फार आवडतो, मऊ आणि उबदार. आतून पोखरला तरी वरून फायबर शाबूत दिसतं. मग हंगामात बर्फ लवकर का वितळतो म्हणून तुम्ही बर्फवाल्याशी भांडत बसता. खण खारट पाण्याने धुवून, वाळवून, झाकण उघडं ठेवा आणि तोंडावर जाळी बसवा. अंधार आणि बंद हवा काढून घेतली की जागेची निम्मी गोडी जाते. खलाशांचा तांदूळ, तेलकट डबे, सुकटीची पिशवी, विडीचं पाकीटसुद्धा, काही म्हणजे काही ठेवू नका. जाळी धुवून कडक वाळवून आढ्याला टांगा, भिंतीपासून हातभर दूर. जमिनीवर ढीग घातलेली जाळी म्हणजे त्याला घर आणि माशाचा वास एकाच ठिकाणी.

गाडीवाल्यांसाठी दोन वाक्यं. शटरच्या खाली रबरी पट्टी ठोका, आणि गाडी महिनाभर हलणार नसेल तर बॉनेट उघडं ठेवा. उजेड आणि वारा त्याला नको असतो. तांदळाची पोती गॅरेजमध्ये ठेवून वर गाडी कुरतडली म्हणून रडणाऱ्यांना मी काय सांगू!

आता औषध, ज्यासाठी तुम्ही आलात. झिंक फॉस्फाईड ती काळी पूड. पोटात आम्लाशी मिळाली की त्यातून विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. दमट हवेतही तो हळूहळू सुटत राहतो, म्हणून बंद केबिनमध्ये ती कधीच नको. शिवाय मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, आधी चाखून बघतो. पोटात दुखलं की त्या खाण्याला पुन्हा तोंड लावत नाही. दुसरं ते वडीच्या रूपात मिळणारं ब्रोमॅडिओलोन. त्याने रक्त गोठत नाही, उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो. पण कुठे मरतो ते तो ठरवतो. मी एका नौकेवर हौसेने वड्या ठेवल्या होत्या. उंदीर डिझेलच्या टाकीखाली जाऊन मेला. टाकी काढल्याशिवाय हात पोचेना, आणि तीन आठवडे त्या केबिनमध्ये कोणी झोपेना. मालकाने मला दिलेल्या शिव्या इथे सांगत नाही, पुढे बायाबापड्या बसल्यात. शिवाय असा गुंगलेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला की तेही मरतं. आणि ते घुबड रात्रीत आपलंच काम फुकट करत असतं. धामण दिसली की काठी घेऊन धावणाऱ्यांनीही हे ऐकावं.

सापळाच लावा. भिंतीच्या कडेला, कारण तो मध्ये मोकळ्यात चालत नाही. काडीच्या सापळ्याचं आमिषाचं टोक भिंतीकडे करा. आमिष सुकटीचं. दोन-तीन रात्री सापळा न ओढता नुसतं खाऊ द्या, मग ओढा. तो गोंदाचा पुठ्ठा मला बघवत नाही, रात्रभर ओरडतो बिचारा. न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं घेऊ नका. २००१ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने असली यंत्रं करणाऱ्या-विकणाऱ्या साठांहून जास्त कंपन्यांना तंबी दिली होती की दाव्याला पुरावा दाखवा. डांबरगोळ्या, मिरची, तंबाखू यांचा वास चार दिवसांत उडतो आणि बिऱ्हाड राहतंच.

आणि साफ करताना कोरडा झाडू मारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो. २००५च्या पुरानंतर मुंबईत काय झालं ते आठवा, आणि आपल्या कोकणात तर तो दर पावसाळ्यात आहेच. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी आणि तुमच्या पायाला पडलेली चीर, एवढं पुरतं त्याला. गमबूट घाला, ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, थोडं थांबा, मग पुसा. ताप, पोटऱ्यांत गोळे, डोळे लाल झाले तर गोळ्या घेऊन घरी बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा आणि होडी साफ केली होती हे डॉक्टरला सांगा.

मागून कोणीतरी विचारलं, मांजर ठेवलं तर? ठेवा की. पण बांधलेल्या होडीत मांजर दोन महिने राहत नाही, आणि घरात दूध मिळणारं मांजर पावसात खाडीवर जाईल कशाला?

एक शेवटचं, कारण बूच काढायचं विसरण्याची चूकही माझ्याच हातून झालीय. एक्झॉस्टला लाकडाचं बूच मारलं की किल्लीला लाल चिंधी बांधा, त्यावर जितकी बुचं मारलीत तितक्या गाठी मारा. ऑगस्टमध्ये चिंधी सोडताना गाठी मोजा.

साडेअकरा झालेत. पत्र्याची कात्री आणि दोन पत्रे मी आणलेत. बाहेर ती निळी होडी ओढलेली आहे, तिच्या मालकाला विचारलंय मी. चार जण माझ्याबरोबर आत चला, झाकण लावू आणि अंधारात बसू. बाकीच्यांनी बाहेर थांबून आम्ही आतून सांगू तिथे खडू मारा.