ब्रिजटाउन बंदरातला एक दिवस : आखणी परतीकडून

नमस्कार. क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत 'ब्रिजटाउन, बार्बाडोस, सकाळी ८ ते संध्याकाळी ५' अशी ओळ असते आणि वाचणारा मनात नऊ तास धरून बसतो. हातात खरे पडतात साडेसहा. बेटावरचा बहुतेक गोंधळ याच फरकातून होतो, म्हणून आधी हिशेब करू.

जहाज धक्क्याला लागलं तरी स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी येईपर्यंत कोणालाही उतरता येत नाही. त्यानंतर गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या शिडीवर, रांग लागते. जहाज लांबच्या धक्क्याला असेल तर टर्मिनलपर्यंत शटल बसनं जावं लागतं. बंदराच्या फाटकाबाहेर पडायला नऊ वाजले असं समजा. आता दुसरं टोक. पाचला जहाज सुटतं म्हणजे 'ऑल अबोर्ड', सगळ्यांनी जहाजावर परतायची शेवटची वेळ, साधारण साडेचारला. त्याच्या तासभर आधी, साडेतीनला, आपण फाटकाशी हवं. हा एक तास वाहतूक, पाऊस, पंक्चर अशा गोष्टींसाठी राखलेला असतो, खरेदीसाठी नाही.

घड्याळाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ एकच असेल असं नाही. हिवाळ्यात मायामीहून निघालेलं जहाज फ्लोरिडाच्या वेळेवरच चालत असेल तर बार्बाडोस त्याच्या एक तास पुढे असतो. इथे फटका सकाळी बसतो. बाहेरचा टूरवाला 'नऊला या' म्हणतो तेव्हा जहाजावर आठच वाजलेले असतात, आणि आपण तासभर उशिरा पोचतो. पश्चिमेकडच्या जमैकात उन्हाळ्यात याच्या उलट घडतं. फोन आपोआप स्थानिक वेळ घेतो, ती जहाजाच्या एक तास मागे असते, आणि 'अजून वेळ आहे' म्हणता म्हणता जहाज सुटतं. उपाय सोपा आहे. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा, बाहेरच्या टूरची वेळही जहाजाच्या वेळेत मोजून घ्या आणि दिवसभर त्या घड्याळालाच माना.

आता जागा. ब्रिजटाउनचं खोल पाण्याचं बंदर १९६१ साली सुरू झालं. समुद्रात भराव घालून पेलिकन नावाचं छोटं बेट किनाऱ्याला जोडलं गेलं आणि त्यावर हे बंदर उभं राहिलं. जहाज थेट धक्क्याला लागतं, ही मोठी सोय. ग्रँड केमनसारख्या ठिकाणी छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर जावं लागतं, तिथे शेवटच्या होडीची वेळ हीच आपली 'ऑल अबोर्ड'ची वेळ.

टर्मिनलमधली करमुक्त दुकानं परतताना बघा, सकाळचा थंड तास तिथे घालवू नका. फाटकाबाहेर टॅक्सीवाले हाक मारतात. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला 'झेड' असतो. मीटर नसतो, दर ठरलेले असतात. बसण्याआधी तीन गोष्टी विचारा : पैसे माणशी की गाडीचे, एका बाजूचे की दोन्ही, आणि डॉलर कुठले. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. १९७५पासून दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर असा दर बांधलेला आहे आणि दोन्ही चलनं बाजारात चालतात. 'चाळीस' म्हणजे चाळीस की वीस, हे आधी बोललं नाही तर दुप्पट पैसे जातात. एक, पाच, दहाच्या अमेरिकी नोटा जवळ ठेवा. सुटे बहुधा स्थानिक चलनात परत मिळतात, ते तिथेच खर्च करा. आणखी एक. काहीही विचारण्याआधी 'गुड मॉर्निंग' म्हणा. इथल्या लोकांना सरळ प्रश्नानं केलेली सुरुवात उद्धट वाटते.

चालायचं असेल तर शहराचा मध्य वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. पण आपल्या माणसानं आधी केन्सिंग्टन ओव्हलकडे वळावं, असं मी आग्रहानं सांगेन. बंदरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर, बाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. मार्च १९६२मध्ये याच मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. त्यांचा जीव वाचवण्यासाठी वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं, आणि आपल्याकडून बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर यांनी. आणि २९ जून २०२४ला इथेच रोहित शर्माच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला. सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तो याच गवतावर. आत सोडतात का, हे फाटकावर विचारावं लागतं. सामन्याची तयारी चालू असेल तर सोडत नाहीत.

शहरात केअरनेज म्हणजे जुनी गोदी, तिच्यावरचा चेंबरलेन पूल, संसदेच्या इमारती आणि १६५४पासूनचं ज्यू प्रार्थनास्थळ निधे इस्राएल, हे सगळं पायी तासाभरात होतं. १८३१च्या चक्रीवादळात ते प्रार्थनास्थळ पडलं, आजची वास्तू १८३३ची. ब्रिजटाउन आणि शेजारचा गॅरिसन, म्हणजे जुन्या ब्रिटिश छावणीचा परिसर, २०११पासून जागतिक वारसा यादीत आहे. संसदेसमोरच्या चौकात ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा होता, तो नोव्हेंबर २०२०मध्ये हलवला गेला, आणि पुढच्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बार्बाडोस प्रजासत्ताक झाला. रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, हे लक्षात ठेवा.

पुलावरून बे स्ट्रीटनं आणखी पंधरा-वीस मिनिटं चाललं की कार्लाइल बे. माझ्या मते पहिल्यांदा येणाऱ्यानं आपला दिवस इथेच घालवावा. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे अटलांटिकच्या लाटा पूर्व किनाऱ्यावर आपटतात आणि नैर्ऋत्येकडची ही खाडी शांत राहते. पूर्वेचं बाथशेबा देखणं आहे, पण तिथे प्रवाह ओढून नेतात. तिथे पाहावं, पोहू नये. कार्लाइल बेमध्ये उथळ पाण्यात बुडालेली जुनी जहाजं आहेत, त्यांतलं 'बर्विन' १९१९चं, आणि हिरवी समुद्री कासवं दिसतात. कासवाला हात लावू नका, खायला घालू नका. चारायची सवय लागलेलं कासव बोट चावतं.

स्नॉर्कलिंगमध्ये, म्हणजे मास्क लावून नळीनं श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगताना, काय बिघडतं ते सांगतो. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकानं हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी शिरतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावा. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट मागा, पट्टे आवळून घ्या, आणि आधी कंबरभर पाण्यात उभं राहून नळीनं श्वास घ्यायचा सराव करा. माणूस घाबरतो तो श्वास भरभर घेतल्यामुळे.

ऊन फसवं आहे. बार्बाडोस १३ अंश अक्षांशावर, म्हणजे डिसेंबरातही दुपारचा सूर्य पुण्यापेक्षा वर असतो, पण वाऱ्यामुळे कातडी भाजतेय हे जाणवत नाही. पालथं तरंगताना मान आणि पोटऱ्या जळतात. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालूनच पाण्यात उतरा.

किनाऱ्यावर मँचिनीलचं झाड ओळखता आलं पाहिजे. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, आणि खोडावर बहुधा लाल पट्टा रंगवलेला असतो. त्याचा चीक बिब्ब्यासारखा फोड आणतो. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर ठिबकणाऱ्या पाण्यानंही भाजतं. मुलांना ते फळ उचलू देऊ नका, ते विषारी आहे. आणि लष्करी छापाचे कपडे जहाजावरच ठेवा. इथे ते घालणं सामान्य नागरिकाला कायद्यानं मना आहे, लहान मुलांनाही.

बस स्वस्त आणि चांगली आहे. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर. निळ्या सरकारी बसमध्ये नेमके स्थानिक पैसे लागतात, सुटे परत मिळत नाहीत. पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या 'झेडआर' व्हॅन सुटे देतात. पश्चिम किनाऱ्याच्या बस प्रिन्सेस ॲलिस स्थानकावरून सुटतात, ते बंदराच्या बाजूला आहे. थांब्याच्या पाटीवर 'टू सिटी' आणि 'आउट ऑफ सिटी' असं लिहिलेलं असतं, परतताना पहिली पाटी बघा. मात्र बाथशेबासारख्या लांबच्या ठिकाणी बसनं जाऊ नका. परतीची बस एक चुकली की राखलेला तास संपतो. लांब जायचंच असेल तर सकाळी जा आणि दुपारचे दोन तास बंदराजवळ घालवा. उलटा क्रम कधीही धरू नका.

खाण्याचं थोडक्यात. 'कू-कू' म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला पदार्थ, उडत्या माशाच्या रश्श्याबरोबर वाढतात. शाकाहाऱ्यांनी 'राइस अँड पीज' बिनधास्त घेऊ नये, त्यात खारवलेलं डुकराचं मांस शिजवलेलं असू शकतं. बटाट्याची रोटी, मॅकरोनी पाय आणि ब्रेडफ्रूट, म्हणजे आपला कोकणातला नीरफणस, हे चालेल. नळाचं पाणी चुनखडीतून गाळून येतं, पिण्यायोग्य आहे. जहाजावरची फळं किंवा उघडं खाणं मात्र खाली नेऊ नका, बेटावर ते आणायला बंदी असते.

कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. अमेरिकेत राहून तिथून क्रूझला येणाऱ्यांना अडचण येते ती परतताना. एच-वनबी या अमेरिकी नोकरीच्या व्हिसाचा शिक्का संपलेला असताना कॅनडा-मेक्सिकोहून अल्प मुक्कामानंतर परतण्याची जी सवलत आहे, ती कॅरिबियन बेटांना लागू नाही. शेजारच्या बेटांची मुभा एफ (विद्यार्थी) आणि जे (शैक्षणिक देवाणघेवाण) व्हिसाधारकांपुरती आहे. शिक्का चालू नसेल तर तिकीट काढूच नका.

उतरताना जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र, पासपोर्ट-व्हिसाच्या पानांची रंगीत प्रत आणि जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर जवळ ठेवा. हा नंबर जहाजाच्या रोजच्या पत्रकावर छापलेला असतो. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय करतं. आपण स्वतः गेलो असू तर थांबत नाही. अशा वेळी कर्मचारी बहुतेकदा खोलीतल्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटकडे देतात. पहिला फोन त्यालाच करायचा, विमान कंपनीला नंतर. पुढच्या बंदराचं तिकीट, हॉटेल आणि पुढच्या देशाचा व्हिसा लागत असेल तर तोही, सगळं आपल्या खर्चानं. म्हणून साडेतीनला फाटक.