अमेरिकेचे निर्वाचक मंडळ: दोष नेमका कुठे आहे?

अमेरिकेत अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरत नाही; प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक येतात आणि त्यांची बहुसंख्य मते मिळवणारा अध्यक्ष होतो. या निर्वाचकांचे मिळून निर्वाचक मंडळ बनते. नोव्हेंबर २००० मधील अध्यक्षीय निवडणुकीतले फ्लोरिडा राज्यातले एक दृश्य ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले, त्यांना ते अजून आठवत असेल. मतमोजणी अधिकारी एकेक मतपत्रिका उजेडासमोर धरून डोळे बारीक करून पाहत होते, कारण उमेदवाराच्या नावापुढे टोचून पाडायचे छिद्र अनेकांकडून अर्धवट पडले होते आणि कागदाचा इवलासा तुकडा कोपऱ्याला लोंबत राहिला होता. सुमारे ६० लाख मतांच्या त्या राज्यात रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश अखेर ५३७ मतांनी पुढे राहिले, राज्याची २५ च्या २५ निर्वाचक मते त्यांच्या पारड्यात पडली, आणि देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळवूनही डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर हरले.

हे उदाहरण पद्धतीविरुद्ध नेहमी दिले जाते, पण तिची एक बळकट बाजूही त्यातच दिसते. वाद एका राज्यापुरता राहिला. थेट देशव्यापी मतमोजणी असती आणि फरक इतकाच निसटता असता, तर फेरमोजणीची मागणी प्रत्येक राज्यातून आली असती. शिवाय एकाच प्रदेशात प्रचंड मते मिळवून अध्यक्षपद गाठता येत नाही, हेही संघराज्याच्या दृष्टीने मोलाचे आहे.

टीकाकारांचा मुख्य रोख असतो तो लहान राज्यांच्या जादा वजनावर. एकूण ५३८ पैकी वायोमिंगला ३ आणि कॅलिफोर्नियाला ५४ मते आहेत. लोकसंख्येने भागले, तर वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे दोन लाखांहून कमी माणसे येतात, कॅलिफोर्नियात सात लाखांहून अधिक. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येच्या प्रमाणात काढतात, म्हणून ते महाराष्ट्रात १७५ आणि गोव्यात २० भरते. त्या हिशेबापुढे अमेरिकेची विषमता ठळक दिसते, हे मान्य.

तरीही माझ्या मते खरा दोष तो नव्हे. राज्यात एका मताने जरी पुढे असले, तरी सगळी निर्वाचक मते त्यालाच, हा नियम खरा घातक आहे. २०२० मध्ये रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांना कॅलिफोर्नियात ६० लाखांहून अधिक मते पडली, म्हणजे त्यांनी जिंकलेल्या टेक्सासपेक्षाही जास्त. त्या मतदारांच्या पदरात एकही निर्वाचक पडला नाही. टेक्सासमधल्या डेमोक्रॅट मतदाराची गत तीच. मग प्रचार पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा, कौल कोणाकडेही झुकू शकेल अशा मोजक्या राज्यांभोवतीच घुटमळतो.

आणि हा नियम संविधानात नाही. निर्वाचक कसे नेमायचे, हे संविधानाने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये दोन मते राज्यभराच्या विजेत्याला आणि उरलेली काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघांप्रमाणे देतात. इतर राज्ये तसे करत नाहीत, कारण तिथे सत्तेवर असलेल्या पक्षाला आपल्या हक्काच्या मतांत विरोधकांना वाटा द्यायचा नसतो. २०२४ मध्ये नेब्रास्कातही ही वाटणी रद्द करण्याचा प्रयत्न झाला आणि पुरेशा पाठिंब्याअभावी बारगळला. त्या वेळी नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात अनेक घरांच्या अंगणांत, शब्द एकही नसलेल्या, फक्त एक मोठा निळा ठिपका असलेल्या पाट्या उभ्या होत्या. लाल, म्हणजे रिपब्लिकन, राज्यात ओमाहाच्या मतदारसंघातून निळ्या, म्हणजे डेमोक्रॅटिक, पक्षाला मिळू शकणाऱ्या एका निर्वाचक मताची ती खूण होती.