उलटतपासणी अँटिबॉडीची

अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते कुठे आहे हे दाखवणारं प्रतिपिंड. तिची कुपी आली की आपण आधी सोबतचा कागद वाचतो. ती सशात बनवली की उंदरात, कुठल्या पेप्टाइडविरुद्ध (प्रथिनाच्या तुकड्याविरुद्ध), किती पातळ करायची. खाली ‘केवळ संशोधनासाठी, निदानासाठी नाही’ अशी ओळ आणि एक देखणं छायाचित्र. त्या छायाचित्रावर मी विसंबत नाही. प्रथिन फक्त वृषणात बनणारं असेल, तर अँटिबॉडी खरं बोलते की खोटं, हे वृषणाचा छेदच, म्हणजे त्याचा रंगवलेला पातळ काप, सांगतो.

कुणी म्हणेल, आरएनए (जनुकावरून निघणारी, प्रथिन बनवायची प्रत) मोजणं इतकं सोपं झालंय, मग अँटिबॉडी हवीच कशाला? प्रोटामीनचं उदाहरण घ्या. शुक्राणूच्या डोक्यात डीएनए आवळून बसवणारं हे प्रथिन. एकदा डीएनए आवळला की जनुकं वाचता येत नाहीत, म्हणून पेशी त्याचा आरएनए आधीच, गोल स्पर्मॅटिडच्या (शुक्राणू होण्याआधीच्या पेशीच्या) अवस्थेत बनवून ठेवते. उंदरात तो काही दिवस नुसता पडून असतो. प्रथिन दिसतं ते स्पर्मॅटिड लांबट होऊ लागल्यावर. नुसता आरएनए पाहणारा इथे हमखास फसतो.

आता छेद पाहा. शुक्रनलिकेच्या भिंतीलगत मूळ पेशी, त्यांच्या आत अर्धसूत्री विभाजनातल्या, मग स्पर्मॅटिड आणि पोकळीजवळ शुक्राणू. सगळ्या अवस्था क्रमानं लावलेल्या. तुमचं प्रथिन स्पर्मॅटिडमधलं असेल आणि भिंतीलगतच्या पेशीही रंगल्या, तर आधी संशय अँटिबॉडीवर घ्या. याहून कडक परीक्षा वयाची. पाच-सहा दिवसांच्या उंदराच्या नलिकेत सर्टोली पेशी (जननपेशींना पोसणाऱ्या) आणि मूळ जननपेशी एवढंच असतं. अर्धसूत्री विभाजन दहाव्या दिवसाच्या आसपास सुरू होतं, गोल स्पर्मॅटिड विसाव्याच्या सुमारास आणि शुक्राणू साधारण पस्तिसाव्या दिवशी. या वयांचे नमुने वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं शोधायची चाचणी) शेजारी-शेजारी चालवा. पिल्लाच्या वृषणातच स्पर्मॅटिडच्या प्रथिनाचा पट्टा दिसला, तर तो पट्टा दुसऱ्याच कशाचा तरी आहे. ते जनुक काढून टाकलेला उंदीर मिळाला तर उत्तमच. पण तो नसला म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

फसवणुकीच्या काही जागा ठरलेल्या आहेत. अॅक्रोसोम, म्हणजे शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी, ही त्यातली पहिली. ज्या सशाला कधी काही टोचलेलंच नाही, त्याचं सीरमही (रक्तातला पेशीविरहित द्रव) पुष्कळदा तिथे चिकटतं. म्हणून टोचण्यापूर्वी काढलेलं त्याच सशाचं सीरम शेजारच्या छेदावर घालावंच. ते न करता अॅक्रोसोमवरचे सुंदर हिरवे चंद्र दाखवणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. दुसरी जागा नलिकांच्या मधली. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटिबॉडी वापरली, तर दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला धरून रंग दाखवणारी) त्या प्राण्याच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनाही धरते. रक्त-वृषण अडथळ्यामुळे (नलिकेतल्या पेशींच्या घट्ट कुंपणामुळे) ती नलिकेत खोल शिरत नाहीत, बाहेरच राहतात. मग मधली जागा उजळते आणि आपण ‘लेडिग पेशींतही (नलिकांमधल्या, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या) आहे’ असं लिहून मोकळे होतो.

तिसरी अडचण भावंडांची, म्हणजे एकमेकांसारख्या प्रथिनांची. ग्लुकोजपासून ऊर्जा काढणाऱ्या पीजीके एन्झाइमचं नेहमीचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. अर्धसूत्री विभाजनाच्या काळात एक्स गप्प केलं जातं, म्हणून शुक्रपेशी दुसऱ्या गुणसूत्रावरची प्रत, पीजीके-२, वापरतात. दोन्ही प्रथिनं फार सारखी. पेप्टाइड सारख्या भागातून निवडलं, तर ‘वृषण-विशिष्ट’ अँटिबॉडी यकृतातही पट्टा दाखवणार. म्हणून ब्लॉटवर यकृत, मेंदू, मूत्रपिंड हवेतच.

हे काटेकोरपण कर्करोगाच्या कामात फार महत्त्वाचं ठरतं. १९९१ मध्ये मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) मेज हे प्रतिजन, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला ओळखू येणारं प्रथिन, सापडलं; निरोगी ऊतींमध्ये या कुटुंबातली बरीच प्रथिनं वृषणातच आढळतात, पण काही गाठींत ती पुन्हा बनू लागतात. वृषणाची अँटिबॉडी गाठीत उजळली, तर तो शोध असेल किंवा भावंडाशी झालेली गफलत. म्हणून गाठीच्या छेदाबरोबर वृषणाचाही छेद रंगवायचा, आणि आधी त्यात नेमक्या कुठल्या पेशी रंगल्या ते पाहायचं.