कोठीतला कोंबडा

नमस्कार मंडळी. कूलर चालू असेल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा, कारण आजचं बोलणं कूलरपासूनच सुरू होतंय.

माझी एक खोड आहे. कुणी घरगुती युक्ती सांगितली की मी विचारतो, "बरं, मग पाणी गेलं कुठं?" घरचे वैतागतात. पाव्हण्यांसमोर तरी गप राहा म्हणतात. पण मोबाइलवर रोज सकाळी चहाच्या आधी पाच युक्त्या येऊन पडतात, त्यावर कुणीतरी विचारायला नको का?

आता ही कूलरची घ्या. "टाक्यात बर्फ टाका, एसीसारखी हवा लागेल." आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या उन्हाळ्यात रोजचा बर्फ लावला होता. हवा थोडी गार लागते, खोटं कशाला बोलू. पण हिशेब बघा. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता ओढतो. आणि वाळ्याच्या ताटीतून एक लिटर पाणी हवेत उडून जातं, तेव्हा ते 580 च्या आसपास ओढतं. सातपट! तेही फुकट. आपल्याकडे चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा 45 वर जातो, हवा कोरडी ठणठणीत, म्हणून पाणी पटकन उडतं आणि कूलर चालतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नेऊन ठेवा, नुसता ओलावा अंगावर येईल. तेव्हा बर्फाचे पैसे वाचवा, ताट्या धुवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. पुन्हा सांगतो, खिडकी उघडी. ओली हवा बाहेर गेलीच नाही तर पाणी उडणार कुठं?

आणि टाक्यात हात घालायच्या आधी पिन काढा. नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिन काढा. हे दर उन्हाळ्यात सांगावं लागतं, दर उन्हाळ्यात कुणाचं तरी घर बसतं.

मी पिन काढली होती. पण वरच्या खिशातला मोबाइल काढला नव्हता. आता खरी गोष्ट ऐका.

एप्रिल महिना. आमचं गाव साकोलीकडचं, शेतात उन्हाळी धान निसव्यावर आलेलं. मी कूलरची मोटर साफ करायला वाकलो आणि मोबाइल थेट टाक्यात. डुबुक! काढला तर स्क्रीन काळी. पुतणी धावत आली. म्हणाली, "काका, तांदळात ठेवा, तीन दिवसांत ठीक होते." आणि मंडळी, सगळ्या जगाला पाणी गेलं कुठं म्हणून विचारणारा मी, त्या दिवशी काहीच विचारलं नाही. म्हटलं ठेव. तिनं पत्र्याच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून मोबाइल तांदळात पार तळाशी पुरला.

त्या आठवड्यात शेतातल्या मोटारपंपाला रात्रीची लाइन होती, म्हणजे वीज रात्रीच यायची. (रात्री दोनला बांधावर जाऊन बटन दाबायचं, पायाखाली साप की विंचू देव जाणे, आणि शहरातले आम्हाला सांगतात की लवकर निजा, लवकर उठा! असो.) तर मोबाइलमध्ये दोनचा गजर लावलेला. गजराचा आवाज कोणता? कोंबड्याची बांग. पुतणीनंच लावून दिला होता.

रात्री दोन वाजता कोठीतून कोंबडा आरवला.

आई उठून बसली. "अवो बाई, कोठीत कोंबडं कोंडलं का वो कोनी?" मी झोपेत म्हणालो, "निज माय, बाहेरचा असंल." पुन्हा बांग! आता पत्र्यात घुमून आलेली, भुताटकी वाटावी अशी. आईनं काठी घेतली. पुतणीनं बॅटरी घेतली. झाकण उघडलं तर आत नुसते तांदूळ, आणि तांदूळ आरवून राहिले! मी हात घातला, सापडेना. उपसायला गेलो तर आई ओरडते, "तांदूळ नको सांडू!" तेवढ्यात शेजारच्या खऱ्या कोंबड्यानं उत्तर दिलं. मग कुत्री लागली. अर्धी आळी जागी. मोबाइल हाती लागेपर्यंत तीनदा बांग झाली. धानाला पाणी मात्र वेळेवर गेलं.

आता बघा, स्क्रीन काळी होती, पण मोबाइल चालूच होता. म्हणजे ओल्या सर्किटातून वीज फिरतच होती. तीच बिघडवते. म्हणून आधी बंद करा. काळा दिसला तरी बटन दाबून धरा आणि आधी बंद करा.

चौथ्या दिवशी चार्जरची पिनच आत जाईना. साकोलीच्या बाजारात दुरुस्तीवाल्या पोराकडे गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमटा घातला आणि चार्जिंगच्या भोकातून काय काढलं? तांदळाची कणी. तळहातावर ठेवून म्हणाला, "काका, पाण्यानं कमी, तांदळानं जास्त मारलं याले." झाकण उघडलं तर आत बॅटरीजवळ हिरवट बुरा चढलेला. साडेतीनशे रुपये घेतले.

आणि मला तेव्हा लाज वाटली. अहो, आपण धानवाले! खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की पोतं बाजूला सारतात. म्हणजे दाण्यात स्वतःचंच पाणी असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? तो दाणा बंद डबीतलं पाणी कसं ओढणार? अॅपल कंपनीनंही 2024 मध्ये आपल्या सूचनेत लिहिलं, ओला आयफोन तांदळात घालू नका, कण आत जातात. भोक खाली करून तळहातावर हलके आपटा, कोरड्या वाऱ्याच्या जागी ठेवा. केस वाळवायचं गरम यंत्र नको. पाणी हवेतच जाणार, कूलरसारखं.

वेळ थोडा उरला. खायचा सोडा आणि लिंबू एकत्र करून फरशी घासतात, फसफसतं म्हणून खुश होतात. दोघं एकमेकांना मारतात आणि मागं उरतं खारट पाणी. सोडा वेगळा वापरा, लिंबू वेगळं. पण संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, जीव जाऊ शकतो. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र नाही. यात माझी थट्टा नाही.

आणि तुरीची डाळ मे महिन्याच्या उन्हात वाळवून कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची, ही आईची युक्ती मी तपासली. ओलावा उन्हात उडतो, किडीला दाणा नकोसा होतो. पाणी गेलं कुठं ते कळलं, माझं तोंड बंद.

आई मात्र अजूनही तांदूळ काढायच्या आधी कोठीवर काठीनं एक ठोका देते, जरा थांबते, मगच झाकण उघडते. नमस्कार.