एका आज्ञेत अख्खा फोल्डर

(पडद्यावर: फोल्डर उघडतो, फाइलींची यादी)

सत्राच्या सगळ्या प्रश्नपत्रिका या एका फोल्डरमध्ये आहेत. उघडून पाहिलं तर नुसता साधा मजकूर, उलट्या तिरप्या रेघा आणि महिरपी कंस. यांच्या पीडीएफ एका दमात काढायच्या आहेत.

पानं रचणार टेक, म्हणजे अशा मजकुरातून छापायची पानं जुळवणारा प्रोग्रॅम. 1977 साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्यासमोर त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं आली. खिळ्यांची जुळणी मागे पडून फोटोटाइपसेटिंग आलं होतं आणि पानांची रया गेली होती. कनूथ यांनी मग अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला, तोच टेक. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक हा सोप्या आज्ञांचा संच उभा केला, ते 1980च्या दशकात.

(पडद्यावर: काळी खिडकी, सरसर धावणाऱ्या ओळी)

एका ओळीचा लूप, म्हणजे प्रत्येक फाइलीसाठी तीच आज्ञा पुन्हा चालवणारी ओळ, लिहिला की फाइली पाठोपाठ टेककडे जातात. नावात मोकळी जागा असलेली फाइल इथेच अडखळते, पण ते आपलं आपण निस्तरायचं. खरी गोची पुढे आहे. एका प्रश्नपत्रिकेत आज्ञेचं स्पेलिंग चुकलंय. टेक उद्गारचिन्ह टाकतो, ओळीचा क्रमांक सांगतो, प्रश्नचिन्ह दाखवतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. मागच्या सगळ्या फाइली खोळंबतात. ‘नॉनस्टॉपमोड’ दिला तर तो चुकीची नोंद करून पुढे सरकतो. पीडीएफ निघते, पण ती बरोबर असेलच असं नाही.

एकदा चालवून भागतही नाही. दुसऱ्या पानावर लिहिलंय, ‘आकृती पाहा’. आकृती आहे सातव्या पानावर, आणि दुसरं पान रचताना टेकला तिचा क्रमांक ठाऊकच नसतो. तिथे दोन ठळक प्रश्नचिन्हं छापली जातात. आकृती आली की क्रमांक शेजारच्या ऑक्स फाइलमध्ये उतरतो, दुसऱ्या फेरीत जागेवर बसतो. क्वचित तिसरी फेरीही लागते. किती फेऱ्या हव्यात हे ‘लेटेक्समेक’ नावाचा मदतनीस प्रोग्रॅम स्वतःच ठरवतो. हाताने मोजण्यापेक्षा तोच बरा.

मराठी प्रश्नपत्रिकेसाठी झीटेक किंवा लुआटेक, या टेकच्या युनिकोड जाणणाऱ्या आवृत्त्या घ्यायच्या. फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर अक्षरं गळतात, आणि नेहमीच्या मांडणीत टेक त्याला चूक मानत नाही, फक्त इशारा नोंदवतो. म्हणून शेवटी लॉग फाइलींमध्ये, म्हणजे टेक आपल्या नोंदी लिहितो त्या फाइलींमध्ये, उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळींबरोबर ‘मिसिंग कॅरॅक्टर’ हेही शोधायचं.