उसातले दगड : मॉरिशसचे एक दर्शन

(दृश्य : उसाच्या फडात मधोमध काळ्या दगडांचा प्रचंड ढीग. मागे दातेरी डोंगररांग. वाऱ्याचा आवाज.)

उसाच्या फडात उभा असलेला हा ढीग दुरून एखाद्या गढीच्या ढासळलेल्या बुरुजासारखा दिसतो, पण या जमिनीवर कधी गढी नव्हती. असे ढीग मॉरिशसमध्ये मैलोन्‌मैल दिसत राहतात. रान लागवडीखाली आणताना जमिनीतून निघालेले दगड लांब वाहून नेण्यापेक्षा शेतातच एका जागी रचणे सोयीचे होते, म्हणून ते तसे रचले गेले. ते उपसणारे हात आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे होते, आणि नंतर भारतातून करारावर आणलेल्या मजुरांचे. या देशाचा भूगोल, त्याचा पैसा आणि त्याची राज्यघटना या तिन्ही गोष्टी समजून घ्यायच्या असतील, तर सुरुवात राजधानीपासून नव्हे, या ढिगापासून करणे बरे.

महाराष्ट्रातल्या माणसाने यातला एखादा दगड हातात घेतला, तर तो त्याला ओळखीचा वाटेल, आणि ती ओळख खरी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्रोतातून लाव्हा उसळून दख्खनचे पठार घडले, असे भूवैज्ञानिक मानतात, तो स्रोत भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकत गेल्यावरही तसाच धगधगत राहिला. त्याच्यावरून सरकणाऱ्या समुद्रतळावर त्याने लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या खालचा कणा उभा केला, आणि साधारण ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर काढले. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि हा दगड, दोघे एकाच चुलीवरचे. ती चूल आता शेजारच्या रेयुनियों बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही पेटतो. मॉरिशसचे ज्वालामुखी मात्र केव्हाच निवले आहेत.

(दृश्य : आकाशातून बेट. प्रवाळाची पांढरी कडा, आत फिकट निळे पाणी, मध्ये हिरवे पठार.)

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर असलेल्या या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर आहे. पूर्वेला ५६० किलोमीटरवरचे रॉड्रिग्ज, उत्तरेला हजारेक किलोमीटरवरचे अगालेगा आणि सेंट ब्रँडनची ठिपक्यांएवढी बेटे धरली, तर सगळा देश जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरचा होतो आणि त्यात साडेबारा लाखांच्या आसपास माणसे राहतात. जमीन एवढीशी असली, तरी या विखुरलेल्या बेटांमुळे देशाच्या वाट्याला येणारा समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरचा आहे. या विरोधाभासाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

मुख्य बेटाच्या मध्यभागी पठार आहे आणि त्याभोवती जुन्या ज्वालामुखीच्या कड्याचे उरलेसुरले सुळके आहेत. त्यांतला सर्वांत उंच ८२८ मीटरचा. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पठारावर इतका पाऊस टाकतात, की क्यूरपीप गावात छत्रीवाचून चालत नाही, आणि तिथून तासाभराच्या अंतरावरचा पश्चिम किनारा कोरडा राहतो. उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, चक्रीवादळे येतात. फेब्रुवारी १९६०मधील ‘कॅरोल’ने बेटावरची हजारो घरे भुईसपाट केली. कॉफी, कापूस, लवंग अशी अनेक पिके येथे करून पाहिली गेली. वादळाने ती उखडली. ऊस मात्र आडवा पडतो, पण मुळे धरून राहतो, आणि पुढल्या हंगामात खोडव्यातून पुन्हा उठतो. या बेटावर उसाने राज्य का केले, याचे निम्मे उत्तर या वाऱ्यात आहे.

उरलेले निम्मे उत्तर माणसांत आहे, आणि ते इतके निरागस नाही.

(दृश्य : देशाचे राजचिन्ह. हळूहळू जवळून.)

मॉरिशसच्या राजचिन्हावर ढालीच्या एका बाजूला डोडो पक्षी आणि दुसऱ्या बाजूला सांबर उभे असून, दोघांजवळ एकेक उसाचे कांडे आहे. डोडो केवळ याच बेटावर होता आणि माणसे आल्यावर शंभर वर्षांच्या आतच तो संपला. हरीण आणि ऊस हे दोन्ही डचांनी १६३९मध्ये जावाहून आणले. म्हणजे राजचिन्हावरचा जो एक मूळचा रहिवासी, तोच हयात नाही. माणसांचेही तसेच, या बेटाला मूळ रहिवासी असे कोणी नाहीत. येथे प्रत्येकाचा पूर्वज जहाजातून उतरलेला आहे, फरक इतकाच की कोणी डेकवरून उतरले आणि कोणी साखळदंडात.

डच १७१०मध्ये निघून गेले. १७१५मध्ये फ्रेंच आले, आणि १७३५पासून गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने पोर्ट लुई बंदर उभारले. १८१०मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, तरी मळे, भाषा आणि दिवाणी कायदा फ्रेंचांचेच राहू दिले. १८२५मध्ये ब्रिटिश बाजारात मॉरिशसच्या साखरेवरचा जकातीचा दर वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आणला गेला, आणि त्यानंतर डोंगरउतारांपर्यंत ऊसच ऊस झाला. दहा वर्षांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, येथील गुलामगिरी कायद्याने संपली. त्यापोटी सुमारे २० लाख पौंडांची भरपाई दिली गेली. ती गुलामांना नव्हे, मालकांना मिळाली, आणि तिच्यातला बराच पैसा पुन्हा उसातच मुरला.

(दृश्य : पोर्ट लुई, आप्रवासी घाट. दगडी पायऱ्या.)

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून ३६ भारतीय मजूर येथे उतरले. पुढच्या आठ-नऊ दशकांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांहून अधिक माणसे या घाटावर आली. या सोळा पायऱ्या चढून गेल्यावर त्यांची नोंद होई, क्रमांक मिळे आणि मळा ठरे. मजुरांच्या टोळीवरचा मुकादम ‘सरदार’ म्हणवला जाई. कामावरच्या एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापली जाई, आणि या पद्धतीला ‘डबल कट’ असे उघड नावही होते. २००६मध्ये हा घाट जागतिक वारसास्थळ झाला.

मुंबईच्या जहाजांतून कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही आली. त्यांच्या वंशजांत मराठी बोलणारे आज थोडे आहेत, पण देवळे आहेत, शाळांतून मराठीचे वर्ग आहेत आणि कोकणातल्या जाखडी नाचाची आठवण करून देणारी ‘झाकरी’ आहे. गणेश चतुर्थीला अवघ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या मराठी समाजाचे लोकसंख्येतील प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या सुट्टीचे मोल कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या, खडकाळ जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. फ्रेंचवरून घडलेल्या क्रेओल या बोलभाषेत आजही तुकड्याने विकलेल्या जमिनीला ‘मोर्सेलमाँ’ म्हणतात. पै-पै साठवलेल्या मजुरांनी त्या घेतल्या, दगड वेचले आणि स्वतःचा ऊस लावला. येथे महाराष्ट्राशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. आपल्याकडे ऊसवाल्याने सहकारातून कारखाना हाती घेतला आणि कारखान्यातून राजकारण. मॉरिशसमध्ये कारखाने व मोठे मळे मूठभर फ्रेंचवंशीय घराण्यांच्या हाती राहिले, आणि लहान ऊसवाल्यांच्या व मजुरांच्या मुलांनी शाळेच्या व मतपेटीच्या वाटेने सरकार गाठले. पैसा एकीकडे आणि मते दुसरीकडे, ही वाटणी तेव्हापासून पुरती मोडलेली नाही.

(दृश्य : संसद भवन. समोर उंच ताडांची रांग.)

१९४८मध्ये, स्वतःचे नाव लिहिता-वाचता येण्याइतकी साक्षरता पुरेशी ठरवली गेली, तेव्हा मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७२ हजारांच्या आसपास गेली. १९५९मध्ये सर्व प्रौढांना मत मिळाले. १९६७ची निवडणूक खरे म्हणजे स्वातंत्र्य हवे की नको, याचाच कौल होती, आणि सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होईल, ही धास्ती त्या मतांमागे होती. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. १२ मार्च ही तारीख दांडीयात्रेच्या प्रस्थानाची आहे.

ती धास्ती घटनेत कशी उतरली, ते पाहण्याजोगे आहे. मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून तीन सदस्य निवडले जातात आणि रॉड्रिग्जमधून दोन, असे ६२. त्यांच्याशिवाय आठपर्यंत जागा पराभूत उमेदवारांना दिल्या जातात. या पद्धतीला ‘बेस्ट लूझर’, म्हणजे हरलेल्यांतले सरस, असे नाव आहे. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि या तिन्हींत न बसणारे सगळे, म्हणजे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’, असे चार समाज घटनेने मानले आहेत, आणि ज्या समाजाला निवडणुकीत कमी जागा मिळाल्या, त्याची उणीव या जागांनी भरून काढली जाते. समाजांची शिरगणती मात्र १९७२च्या जनगणनेनंतर झालेली नाही, त्यामुळे हिशेब अजूनही अर्ध्या शतकापूर्वीच्या आकड्यांवर चालतो. आपला समाज जाहीर करण्याच्या सक्तीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२मध्ये आक्षेप घेतला. २०१४च्या निवडणुकीपुरती ती सक्ती शिथिल केली गेली, मूळ व्यवस्था राहिली. या व्यवस्थेने भीती शमवली आणि त्याच वेळी ती कायमची नोंदवूनही ठेवली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तीन-तीन जागांच्या मतदारसंघांचा आणखी एक परिणाम असा, की वारे एका बाजूला वळले की ते सगळे काही घेऊन जाते. १९८२, १९९५ आणि नोव्हेंबर २०२४ या तिन्ही निवडणुकांत विजयी आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. २०२४मध्ये शिवसागर यांचे पुत्र नवीन रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले. १९९२पासून देश प्रजासत्ताक आहे, राष्ट्रपती संसद निवडते, पण अखेरचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. संसदेचे कामकाज इंग्रजीत चालते, फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा आहे, आणि दहांतल्या नऊ घरांची भाषा क्रेओल आहे. स्वतंत्र असे सैन्य देशाला नाही. ते काम पोलीस दलातीलच तुकड्या करतात.

(दृश्य : कापड कारखाना, मग एबेन येथील काचेच्या इमारती.)

स्वातंत्र्याच्या वेळी निर्यातीच्या उत्पन्नात साखरेचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. हिवताप आटोक्यात आल्यावर लोकसंख्या भराभर वाढत होती, आणि १९६०च्या सुमारास अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी बेटाचे भवितव्य काळोखे वर्तवले होते. पुढे नोबेल मिळवणाऱ्या या विद्वानाचे भाकीत चुकले, पण त्यांचे गणित चुकले नव्हते, परिस्थिती बदलली. १९७०मध्ये निर्यातीसाठी कर-सवलतींचा कायदा होऊन कापड कारखाने आले. १९७५च्या लोमे करारानुसार युरोपने वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने, बहुतेक वेळा जागतिक बाजारभावापेक्षा कितीतरी चढ्या दराने, घेण्याचे मान्य केले. या पैशावरच्या निर्यात कराने तिजोरी भरली, आणि १९७७पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. मग पर्यटन वाढले. २०२४मध्ये १३ लाखांहून अधिक पाहुणे आले, म्हणजे जवळजवळ माणशी एक.

चौथा आधार कागदावरचा आहे. १९८३पासून अमलात आलेल्या भारत-मॉरिशस दुहेरी कर टाळण्याच्या करारात भांडवली नफ्यावरच्या भारतीय करातून सूट होती, त्यामुळे भारतात गुंतवायचा परदेशी पैसा पोर्ट लुईच्या एखाद्या कार्यालयातून फिरून येऊ लागला, आणि अनेक वर्षे भारतातील परकीय गुंतवणुकीत हे बेट पहिल्या क्रमांकावर दिसत राहिले. २०१६च्या दुरुस्तीने भांडवली नफ्यावरची ही सवलत काढून घेतली. युरोपचा हमीभावही २००९मध्ये संपला. दुसऱ्यांच्या कायद्यातील फटींवर आणि सवलतींवर उभी राहिलेली कमाई दुसऱ्यांच्याच सहीने आटते, हे या देशाने दोनदा पाहिले आहे.

आता तो समुद्राकडे बघतो. १९६५मध्ये, स्वातंत्र्यापूर्वीच, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह तोडून घेतला आणि पुढे त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेच्या तळासाठी तिथल्या लोकांना घालवून दिले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९मध्ये ते बेकायदा असल्याचे मत दिले, आणि २२ मे २०२५ रोजी झालेल्या करारात ब्रिटनने मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करून तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ठेवण्याचे ठरवले. अगालेगावर भारताने बांधलेल्या धावपट्टीचे उद्‌घाटन फेब्रुवारी २०२४मध्ये झाले. आणि जुलै २०२०मध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर अडकले आणि ऑगस्टमध्ये फुटून सुमारे हजार टन तेल सांडले, तेव्हा लोकांनी उसाच्या वाळल्या पाचटाने पोती भरून, तरंगते बांध शिवून ते अडवले.

(दृश्य : तोडणीयंत्र फडात. दूरवर खडीचा कारखाना.)

१९७३मध्ये सात लाख टनांच्या वर गेलेले साखरेचे उत्पादन अलीकडे सव्वादोन ते अडीच लाख टनांच्या दरम्यान आहे. कारखाने तीन उरले आहेत, आणि ते साखरेइतकेच बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, वीज करण्यावर जगतात. घाटाच्या पायऱ्या चढलेल्यांची पणतवंडे ऊस तोडायला तयार नाहीत. कापड कारखान्यांत बांगलादेशाहून, मादागास्करहून, भारतातून कराराने मजूर येतात. फडात यंत्र चालायचे, तर दगड आड येतात. म्हणून हे ढीग आता उपसले जात आहेत. लगूनमधली, म्हणजे प्रवाळाच्या कडेआतल्या उथळ पाण्यातली, प्रवाळाची वाळू काढण्यावर २००१पासून बंदी आहे, त्यामुळे बांधकामाला वाळू लागते ती दगड दळूनच. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हातांनी रचलेला ढीग ट्रकमध्ये भरला जातो, खडीच्या कारखान्यात भरडला जातो, आणि मोर्सेलमाँवरच्या कुठल्यातरी घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतो.